शीख आणि हिंदू : श्रद्धांचे साम्य, श्रद्धांचे अंतर

‘शीख म्हणजे हिंदूच, दाढी-पगडी सोडली तर फरक तो काय?’ हे वाक्य आपल्याकडे रेल्वेच्या डब्यात, कचेरीत, क्वचित शाळेच्या शिक्षकखोलीतही ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा दुष्टावा नसतो, उलट आपण औदार्य दाखवीत आहोत असे त्याला वाटत असते. आणि तेच गृहस्थ लगेच पुढे म्हणतात, ‘बुद्धही आपलाच, विष्णूचा नववा अवतार.’ दोन्ही विधानांची घडण एकच आहे. म्हणून शीख व हिंदू धर्मांच्या मूळ श्रद्धांमध्ये साम्य कोठे आणि अंतर कोठे, हा प्रश्न आपल्या विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना वाटतो तितका परका नाही. त्यात आणखी एक गोष्ट अशी की, १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या धर्मांचा गांभीर्याने विचार केला त्यांत शीख धर्म होता. तो विचार का झाला आणि तेथेच का थांबला नाही, हे या दोन धर्मांची तुलना केल्याशिवाय उमगत नाही.

तुलनेची पहिली अडचण हिंदू धर्माच्या बाजूने येते. शीख धर्माला आरंभ आहे, संस्थापक आहे, ग्रंथ आहे. हिंदू धर्माला एक संस्थापक नाही, एक ग्रंथ नाही, सर्वांना बंधनकारक असा एक देवही नाही. शंकराचार्यांचे अद्वैत, रामानुजांचे विशिष्टाद्वैत आणि मध्वाचार्यांचे द्वैत या तिघांची ईश्वर, जीव व जगत् यांविषयीची मते परस्परांशी जुळत नाहीत. तरी तिन्ही हिंदूच. ईश्वर न मानणारे सांख्य आणि पूर्वमीमांसकही या छत्राखाली बसतात. मग हिंदू कोणाला म्हणावे? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो, लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे, अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशाच्या निमित्ताने. गुजरातेतील स्वामिनारायण सत्संगींनी आपला पंथ हिंदूंहून वेगळा असल्याने मंदिरप्रवेशाचा कायदा आपल्या मंदिरांना लागू नाही, असा दावा केला होता. जानेवारी १९६६ मध्ये सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी तो फेटाळला आणि निकालात लोकमान्य टिळकांची व्याख्या आधाराला घेतली. वेदांना प्रमाण मानणे, साधनेचे मार्ग अनेक असू शकतात हे स्वीकारणे, आणि उपास्य दैवताबाबत कोणताही नियम नसणे, ही ती तीन लक्षणे. यांतील दुसरे आणि तिसरे लक्षण मोकळीक देणारे आहे. बंधन घालणारे लक्षण एकच, ते वेदप्रामाण्याचे. म्हणजे देव कोणताही माना, न माना. पण वेदांचा अधिकार नाकारू नका.

आमच्या मते शीख आणि हिंदू यांच्यातील खरी सीमारेषा येथेच आहे.

गुरू नानकांचा जन्म १४६९ साली तलवंडी येथे खत्री कुळात झाला. हे गाव आज पाकिस्तानात असून ननकाना साहिब म्हणून ओळखले जाते. मुंजीच्या वेळी जानवे घालण्यास बालक नानकांनी नकार दिल्याची कथा जन्मसाखींतून येते. कथा कथेच्या जागी राहो. परंतु गुरू ग्रंथसाहिबातील त्यांच्या वाणीत कापसाच्या जानव्याविषयीचा तोच विचार स्पष्टपणे आहे. जो दोरा मळतो, तुटतो, माणसाबरोबर जळून जातो, त्याचा उपयोग काय? दयेचे आणि संतोषाचे जानवे असेल तर द्या, असा त्याचा आशय आहे. त्याच रचनेत सोयर-सुतकाच्या कल्पनेचा आणि स्त्रीला हीन लेखण्याच्या वृत्तीचा समाचार घेतलेला आहे. बाबासाहेबांनी ‘जातिसंहार’ या १९३६ च्या न झालेल्या भाषणात जातिभेदमोडू हिंदूंना नेमके हेच सांगितले होते की, शास्त्रांचा सोयीस्कर अर्थ लावत बसू नका; बुद्धाने आणि नानकांनी शास्त्रांचा अधिकारच नाकारला, तसे करा. त्या प्रबंधात तथागतांच्या शेजारी नानकांचे नाव येते, हे आपल्यापैकी अनेकांच्या वाचनातून निसटलेले असते.

आता साम्य पाहू. ते नाकारण्यात अर्थ नाही. कर्म, पुनर्जन्म, मुक्ती, माया, आत्मा हे शब्द शीख विचारात पदोपदी भेटतात. राम, हरी, गोविंद ही नावे ग्रंथसाहिबात शेकडो वेळा येतात. ‘शीख हे हिंदूच’ असे म्हणणाऱ्यांचा सर्व भर या शब्दांवर असतो. पण शब्द एक असला म्हणून अर्थ एक असतो, असे नाही. धम्मपदाचा अखेरचा वर्ग ‘ब्राह्मणवग्ग’ या नावाचा आहे. म्हणून तथागत ब्राह्मणधर्माचे समर्थक ठरत नाहीत. त्यांनी तो शब्द उचलला आणि जन्माऐवजी आचरण ही त्याची कसोटी ठरवली. नानकांच्या वाणीतील ‘राम’ हा असाच दशरथपुत्र नव्हे. तो निराकार, एकमेव अशा कर्त्याचे एक नाव आहे, आणि त्याच कर्त्यासाठी अल्ला, रहीम, करीम ही नावेही तेथे वापरलेली आहेत.

‘इक ओंकार’ या शब्दांनी ग्रंथसाहिबाचा आरंभ होतो. त्या मूलमंत्रात परमेश्वराची जी लक्षणे येतात त्यांतील ‘अजूनी’ हे आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. अजूनी म्हणजे जो योनीत जन्म घेत नाही. या एका शब्दाने अवतारकल्पना मुळापासून जाते. हिंदू भक्तिसंप्रदायांत, विशेषतः वैष्णवांत, ईश्वर युगायुगांत देह धारण करून येतो, हा श्रद्धेचा कणा आहे. शीख श्रद्धेत ईश्वर देह धारण करत नाही, त्यामुळे त्याची मूर्ती होत नाही आणि मूर्तीची पूजाही होत नाही. गुरूसुद्धा ईश्वर नव्हेत. दहावे गुरू गोविंदसिंग यांच्या नावाने येणाऱ्या रचनेत आपणास परमेश्वर म्हणणाऱ्याचा कठोर निषेध आहे. (आमच्या वाचकांना येथे बावीस प्रतिज्ञांतील अवतारवाद नाकारणारी प्रतिज्ञा आठवेल. बुद्धालाही अवतार मानू नये, हे बाबासाहेबांना स्वतंत्र प्रतिज्ञेत सांगावे लागले, ते उगाच नव्हे.)

कर्माविषयीही असाच सूक्ष्म भेद आहे. हिंदू शास्त्रपरंपरेत कर्मसिद्धान्त वर्णाला जोडलेला आहे. मागील जन्मीच्या कर्मानुसार या जन्मी ब्राह्मण वा चांडाळ योनी मिळते, असे छांदोग्य उपनिषदापासून सांगितलेले आढळते. आणि मग या जन्मी वर्णाचा धर्म निमूटपणे पाळणे हेच पुढच्या जन्माचे भांडवल ठरते. शीख विचारात कर्म आहे, जन्म-मरणाचा फेरा आहे. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, कर्माच्या वर ईश्वराची कृपादृष्टी आहे, जिला ‘नदर’ म्हणतात. ती कोणाच्या वर्णाची वाट पाहत नाही. दुसरी, मुक्तीच्या आड येतो तो ‘हौमै’, म्हणजे मीपणा, जन्म नव्हे. सर्व विश्व ज्याने चालते त्या ‘हुकुमा’शी जुळवून घेणे, नाम जपणे, कष्टाने मिळवणे आणि वाटून खाणे, हा मार्ग गृहस्थाने गृहस्थ राहूनच चालावयाचा. आश्रमव्यवस्थेतील संन्यास आणि योग्यांची कानफाटी विरक्ती ही दोन्ही नानकांना मान्य नव्हती. आयुष्याच्या उत्तरार्धात ते करतारपूरला राहिले आणि शेती करीत १५३९ साली तेथेच निवर्तले. श्रमाला कमी लेखणाऱ्या देशात एखाद्या धर्माचा संस्थापक नांगर धरतो, ही लहान गोष्ट नाही.

परंतु श्रद्धांची यादी मांडून या दोन धर्मांमधील अंतर पुरते कळत नाही. ते कळते ग्रंथाची घडण पाहून.

१६०४ साली पाचवे गुरू अर्जनदेव यांनी आदिग्रंथ सिद्ध केला. पुढे नववे गुरू तेगबहादूर यांची वाणी त्यात समाविष्ट झाली आणि आजचा १४३० पृष्ठांचा ग्रंथ आकाराला आला. यात सहा गुरूंची वाणी आहे. शिवाय गुरू नसलेल्या, पंजाबबाहेरच्या, शीख नावही न ऐकलेल्या संतांची वाणी आहे. कबीर विणकर, सैन न्हावी, सधना खाटीक, धन्ना जाट, शेख फरीद मुसलमान सूफी, रामानंद ब्राह्मण. काशीच्या संत रविदासांची ४० पदे आहेत आणि आपली जात चांभार आहे, मेलेली ढोरे वाहणाऱ्यांची आहे, हे ते त्या पदांत लपवीत नाहीत, उघड सांगतात. आणि महाराष्ट्राने अभिमानाने सांगावे असे नाव म्हणजे नामदेव. शिंपी कुळातील या संताची ६१ पदे ग्रंथसाहिबात आहेत. पंजाबातील घुमान येथे त्यांचे स्मारक आहे, आणि तेथेच २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते.

या घडणीचा अर्थ नीट पाहावा. १७०८ साली नांदेड येथे देह ठेवण्यापूर्वी गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा संपवून ग्रंथालाच गुरुपद दिले. तेव्हापासून प्रत्येक शीख, मग तो कुळाने खत्री असो वा जाट, ज्या ग्रंथापुढे माथा टेकवतो त्यात एका चांभाराची, एका शिंप्याची आणि एका विणकराची वाणी गुरूच्या वाणीइतकीच पूज्य आहे. याच्या शेजारी वेद ठेवा. शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात शिसे ओतावे, असे गौतम धर्मसूत्र सांगते. आणि ब्रह्मसूत्राच्या पहिल्या अध्यायात शूद्राला ब्रह्मविद्येचा अधिकार नाही, हे एका स्वतंत्र अधिकरणात ठरवलेले असून त्यावरील भाष्यात शंकराचार्यांनी तीच वचने आधाराला घेतली आहेत. सर्व काही ब्रह्मच आहे म्हणणाऱ्या तत्त्वज्ञानालाही तेथे शूद्राला वगळावे लागले. एका परंपरेत शूद्रातिशूद्रांचा आवाज ग्रंथाच्या आत आहे, दुसरीत त्यांचा कानही ग्रंथाच्या बाहेर आहे. नामदेवांचे समकालीन चोखोबा यांची समाधी पंढरपुरात आहे ती महाद्वाराबाहेर, पायरीपाशी. नामदेवांना पंजाबने ग्रंथात बसवले. चोखोबांच्या वंशजांना विठ्ठलमंदिरात पाऊल ठेवण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले.

आमचे काही वारकरी स्नेही यावर म्हणतील की संतांनीही समता सांगितली. सांगितली, यात शंका नाही, आणि मराठी मनावर तिचे ऋणही आहे. पण ती समता भक्तीच्या क्षेत्रात राहिली. वेदप्रामाण्याशी तिने समोरासमोर भांडण मांडले नाही आणि जेवणाची पंगत तर मोडलीच नाही.

पंगत हा शब्द मुद्दामच वापरला. संगत आणि पंगत या दोन संस्थांवर शीख समाज उभा आहे. संगतीत सर्वांनी एका पातळीवर बसून वाणी ऐकावयाची. पंगतीत सर्वांनी एका ओळीत बसून लंगरचे एकच अन्न खावयाचे. तिसरे गुरू अमरदास यांनी भेटीस येणाऱ्याने आधी पंगतीत जेवावे, असा दंडक घातला. सतीच्या चालीलाही त्यांनी विरोध केला. जातिव्यवस्थेची खरी भिंत तत्त्वज्ञानात नसून पाण्यात आणि भाकरीत असते, हे ज्यांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह अभ्यासला आहे त्यांना निराळे सांगावयास नको.

१६९९ च्या बैसाखीला आनंदपूर येथे जे घडले तेही पाण्याचेच आहे. गुरू गोविंदसिंगांनी शीर मागितले आणि पाच जण पुढे आले. लाहोरचा दयाराम खत्री, हस्तिनापूरचा धरमदास जाट, जगन्नाथपुरीचा हिम्मतराय पाणके, द्वारकेचा मोहकमचंद छिंपी आणि आपल्या शेजारच्या बिदरचा साहिबचंद न्हावी. या पाचांनी एकाच लोखंडी भांड्यातील अमृत प्राशन केले. नंतर स्वतः गुरूंनी त्यांच्यासमोर बसून त्यांच्या हातून तेच अमृत घेतले. पाचांपैकी चौघांना स्मृतिकारांनी शूद्रांत गणले असते. त्यांच्या हातचे पाणी घेऊन गुरू शिष्य झाला. सर्वांचे नाव सिंग झाले, आडनावातून ओळखू येणारी जात निदान नियमाने तरी गेली. त्याआधी, १६७५ मध्ये दिल्लीत गुरू तेगबहादूरांचा शिरच्छेद झाला तेव्हा त्यांचे शीर आनंदपूरला पोहोचवणारा भाई जैता हा रंगरेटा, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या जातीतला होता, हेही येथे नोंदवले पाहिजे.

इतके वाचून एखादा माजी विद्यार्थी विचारील, मग पंजाबात जात राहिलीच नाही का? राहिली. येथे इतिहासाच्या अभ्यासकाला कटू होऊन बोलावे लागते. महाराजा रणजितसिंगांच्या राज्यानंतर गुरुद्वारे महंतांच्या आणि पुजाऱ्यांच्या ताब्यात गेली होती. सुवर्णमंदिराच्या परिक्रमेत मूर्ती मांडलेल्या होत्या, त्या १९०५ साली हटवण्यात आल्या. हिंदू आणि शीख यांच्यातील सीमा त्या काळात पुसट होती. एकाच घरात एक भाऊ केशधारी आणि दुसरा हिंदू असे चालत असे. ती सीमा ठळक करण्याचे काम १८७३ पासून सिंग सभेने केले. आर्य समाजाच्या शुद्धी चळवळीला उत्तर म्हणून भाई कान्हसिंग नाभा यांनी १८९८ मध्ये ‘हम हिंदू नहीं’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. शीर्षकातच सर्व आले.

याच काळातील एक प्रसंग आम्हांला फार बोलका वाटतो. १२ ऑक्टोबर १९२० रोजी, अमृत घेतलेले अस्पृश्य जातींतील शीख खालसा बिरादरीच्या कार्यकर्त्यांसह कडाह प्रसाद घेऊन सुवर्णमंदिरात गेले. पुजाऱ्यांनी तो प्रसाद स्वीकारण्यास आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करण्यास नकार दिला. म्हणजे खालसा स्थापनेनंतर २२१ वर्षांनी, खुद्द अमृतसरमध्ये, विटाळ जिवंत होता. वाद वाढला तेव्हा तोडगा निघाला तो असा की ग्रंथसाहिब उघडावा आणि जे पान येईल त्याचा कौल मानावा. ग्रंथ उघडला. कौल त्या शिखांच्या बाजूने निघाला. पुजाऱ्यांना प्रसाद घ्यावा लागला. अकाल तख्ताचे पुजारी तर जागा सोडून निघून गेले, तेथून गुरुद्वारा सुधारणेचे आंदोलन पेटले, त्याच वर्षी नोव्हेंबरात शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली आणि १९२५ साली गुरुद्वारा कायदा झाला.

आता नाशिक आठवा. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षे चालला. तेथेही एका बाजूला पुजारी आणि दुसऱ्या बाजूला अस्पृश्य होते. अमृतसरला माणसे भ्रष्ट होती, पण त्यांचा ग्रंथ त्यांच्याविरुद्ध साक्ष देऊ शकत होता. नाशिकला ग्रंथ उघडला असता तर त्याने पुजाऱ्यांचीच बाजू घेतली असती. बाबासाहेबांचा हिंदू समाजावरील मूळ आक्षेप हाच होता. हिंदू माणसे वाईट आहेत म्हणून जात पाळतात असे नव्हे, ती धार्मिक आहेत म्हणून जात पाळतात. शिखाबाबत याच्या उलट म्हणावे लागेल. शीख जेव्हा जात पाळतो तेव्हा तो आपल्या धर्माचा भंग करीत असतो.

हा फरक ओळखूनच बाबासाहेब एप्रिल १९३६ मध्ये अमृतसरच्या शीख परिषदेला उपस्थित राहिले. जूनमध्ये हिंदू महासभेचे डॉ. मुंजे यांच्याशी त्यांची चर्चा झाली. अस्पृश्यांनी शीख धर्म स्वीकारल्यास ते भारतीय संस्कृतीच्या परिघात राहतील, असा मुद्दा तीत होता; आणि धर्मांतरितांचे पुणे करारातील राजकीय हक्क शाबूत राहावेत, हा प्रश्नही होता. सप्टेंबरमध्ये त्यांनी आपल्या १३ अनुयायांना शीख धर्माच्या अभ्यासासाठी अमृतसरला पाठविले. १९३७ साली मुंबईत माटुंग्याला खालसा महाविद्यालय सुरू झाले, ते याच संबंधांच्या काळात. पुढे हा विचार मागे पडला. त्याबद्दल अनेक कथा सांगितल्या जातात. त्यांतील बऱ्याचशा कोणाला तरी दोषी ठरवण्यासाठी रचलेल्या आहेत आणि आम्ही त्या येथे देत नाही. पंजाबच्या गावात मजहबी आणि रामदासिया शीख यांची वस्ती वेगळी, पुष्कळ ठिकाणी गुरुद्वारा वेगळा, स्मशान वेगळे, हे वास्तव तर डोळ्यांसमोर होतेच. आजही ते संपलेले नाही. २००३ साली जालंधरजवळच्या तल्हण गावी गुरुद्वाराच्या व्यवस्थापनात दलितांना जागा देण्यावरून मोठा संघर्ष झाला. २००९ मध्ये व्हिएन्ना येथे रविदासी संत रामानंद यांची हत्या झाली आणि पुढच्याच वर्षी डेरा सचखंड बल्लांच्या अनुयायांनी ग्रंथसाहिबाऐवजी रविदासांच्या वाणीचा स्वतंत्र ग्रंथ स्वीकारून वेगळा रविदासिया धर्म जाहीर केला. ज्या रविदासांना ग्रंथाने आत घेतले, त्यांच्याच अनुयायांना बाहेर पडावेसे वाटावे! अनुसूचित जातींचे लोकसंख्येतील प्रमाण देशात सर्वाधिक, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार जवळपास ३२ टक्के, पंजाबात आहे. जमीन मात्र प्रामुख्याने जाटांच्या हाती. स्त्रियांच्या बाबतीतही तसेच. नानकांची वाणी स्त्रीला कमी लेखू नका म्हणते, आणि त्याच जनगणनेत पंजाबात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली केवळ ८४६.

परंतु सामाजिक वास्तव हे एकच कारण मानले तर बाबासाहेबांच्या अखेरच्या निर्णयाचे मोल कमी होते, असे आम्हांस वाटते. पंजाबात जात समूळ नष्ट झालेली असती तरी शीख धर्म आणि बुद्धधम्म यांत एक मूलभूत अंतर उरलेच असते. १९५० च्या ‘बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य’ या लेखात बाबासाहेबांनी धर्माच्या कसोट्या मांडल्या. धर्म नीतीवर उभा असावा, विज्ञानाशी सुसंगत असावा, स्वातंत्र्य-समता-बंधुता मानणारा असावा, आणि त्याने दारिद्र्याला पावित्र्य देऊ नये. नीती, बंधुता आणि दारिद्र्य या कसोट्यांवर शीख धर्म खणखणीत उतरतो. कष्ट करा आणि वाटून खा म्हणणारा धर्म दारिद्र्याचे गोडवे गाऊच शकत नाही. पण ईश्वर, आत्मा, आत्म्याचा पुनर्जन्म आणि ईश्वरी कृपा यांवर त्याची उभारणी आहे. या बाबतीत तो हिंदू भक्तिपरंपरेला जवळचा आहे, तथागतांना नव्हे. तथागतांनी आत्मा नाकारला, जगाचा कर्ता मानला नाही, स्वतःला मोक्षदाता म्हणवले नाही आणि आपले वचनही तपासून घ्या म्हणून सांगितले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माचे फळ ही कल्पना किती कसून तपासली आहे, ते वाचकांनी मुळातून पाहावे. ज्या समाजाला ‘तुझे मागच्या जन्मीचे पाप’ असे दोन हजार वर्षे ऐकवले गेले, त्याला कृपेचे आश्वासन पुरेसे नव्हते. जुना हिशोबच खोटा आहे, असे सांगणारा कोणी तरी हवा होता.

तरीही शीख रहित मर्यादा आणि आपल्या बावीस प्रतिज्ञा एकमेकींच्या शेजारी ठेवून वाचाव्यात, अशी आमची माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. प्रबंधक समितीने १९४५ मध्ये मान्य केलेल्या त्या आचारसंहितेत जातपात आणि शिवाशीव, श्राद्ध आणि पिंडदान, जानवे, मूर्तिपूजा, मुहूर्त पाहणे यांना स्थान नाही, आणि शीख व्यक्तीने अन्य कोणत्याही धर्माला निष्ठा वाहू नये असे व्याख्येतच म्हटले आहे. अकरा वर्षांनी नागपूरला दिलेल्या प्रतिज्ञांतही नकाराचा हाच रोख आहे. ज्या दोन समाजांना ‘तुम्ही आमचेच’ असे पुनःपुन्हा सांगितले गेले, त्या दोघांनाही आपण काय नाही, हे लेखी नोंदवावे लागले.

हा प्रश्न श्रद्धेपुरताही राहिला नाही. तो दाखल्यांवर आणि अर्जांवर उतरला. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदूंखेरीज इतरांना अनुसूचित जातीत गणू नये, असे ठरवले. अपवाद होता तो पंजाबातील मजहबी, रामदासी, कबीरपंथी आणि सिकलीगर या चार शीख जातींचा. १९५६ मध्ये तो अपवाद सर्व शिखांना लागू झाला. त्याच वर्षी आपण धम्म स्वीकारला. आपल्याला केंद्राच्या त्या यादीत स्थान मिळण्यासाठी १९९० साल उजाडावे लागले. मधल्या ३४ वर्षांत किती पालकांनी मुलांच्या दाखल्यावर मनाविरुद्ध ‘हिंदू महार’ लिहिले, हे या स्मरणिकेच्या ज्येष्ठ वाचकांनी स्वतः अनुभवले आहे.

संविधानाच्या अनुच्छेद २५ विषयीही एक गैरसमज प्रचलित आहे. त्यातील एका स्पष्टीकरणात हिंदू या शब्दात शीख, जैन व बौद्ध यांचा समावेश करावा, असे म्हटले आहे. त्यावरून ‘संविधानच तुम्हांला हिंदू म्हणते’ असा युक्तिवाद केला जातो. ते स्पष्टीकरण केवळ त्या अनुच्छेदाच्या एका उपखंडापुरते, म्हणजे सार्वजनिक स्वरूपाच्या धार्मिक संस्था सर्व वर्गांना खुल्या करण्यासाठी आणि समाजसुधारणेचे कायदे करण्यासाठी आहे. त्याच अनुच्छेदाचे दुसरे स्पष्टीकरण कृपाण बाळगणे हा शीख धर्माचा भाग आहे, असे सांगून त्या धर्माचे वेगळेपण मान्य करते. तरीही शब्द बोचतो तो बोचतोच. फेब्रुवारी १९८४ मध्ये अकाली नेत्यांनी या अनुच्छेदाच्या प्रती जाळल्या. २००२ साली न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील संविधान आढावा आयोगाने ते स्पष्टीकरण वगळून शीख, जैन व बौद्ध यांचा स्वतंत्र उल्लेख करावा, अशी शिफारस केली. ती अद्याप अमलात आलेली नाही.

विवाहाच्या बाबतीत शीख एक पाऊल पुढे गेले आहेत. १९०९ च्या आनंद विवाह कायद्याने त्यांचा विवाहविधी ब्रिटिश काळातच वैध ठरला होता. २०१२ च्या दुरुस्तीने त्याच कायद्याखाली नोंदणीचीही सोय झाली. त्रिशरण-पंचशील घेऊन, बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर लागणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या मंगलपरिणयाला मात्र आजही १९५५ चा हिंदू विवाह कायदाच लागू होतो.